मार्जरीची कात्री

१

त्या कागदाचा खालचा कोपरा नव्हता. गुन्हा म्हणावा तर एवढाच. पण तेवढ्याशा कोपऱ्यापायी डोरीन पेटिटचं राहतं घर जाणार होतं, आणि ते घालवणारा मुख्य साक्षीदार मी होतो.

मी नोएल गॅरड. सफकमधल्या वॉल्डरिंग गावात बाजारचौकातल्या थर्लो वकिलांच्या कचेरीत सेहेचाळीस वर्षं कारकून आहे. म्हातारे थर्लो गेले, त्यांचा मुलगा निवृत्त झाला, आता नात मिस इमोजेन थर्लो खुर्चीत बसते. मी मात्र आहे तिथेच आहे. सकाळी आलेलं टपाल फोडायचं, आवक वहीत नोंदवायचं, लिफाफा टाचणीने पत्रामागे लावायचा आणि सगळं फायलीत घालायचं, हे माझं काम. सुतळी, फिती, लाखेचे तुकडे मी फेकत नाही. ते बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकतो आणि दस्तांना मोहोर लावायला तीच लाख पुन्हा वितळवतो. मिस थर्लो मला तोंडावर कवडीचुंबक म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही.

प्रकरण असं. पेंथोर्न हॉलच्या मिस ऑगस्टा पेंथोर्न ईस्टरनंतरच्या गुरुवारी वारल्या. वय अठ्ठ्याऐंशी. नऊ वर्षांपूर्वीच्या मृत्युपत्रात सगळं काही भाच्याला, गाइल्सला दिलेलं होतं. फायलीत मात्र त्यांच्या हातची एक पुरवणी निघाली. एकतीस वर्षं घर सांभाळणाऱ्या डोरीनला फाटकाजवळचं छोटं घर तहहयात राहायला द्यावं, असं तीत लिहिलं होतं. सही होती, दोन साक्षीदारही होते, एक पाद्रीसाहेब आणि दुसरी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. पण सहीखालून कागद तिरका कापून काढलेला होता, आणि त्यात सहीची लांबलचक शेपटीही गेली होती.

आवक वहीत ईस्टरनंतरच्या मंगळवारी माझ्याच अक्षरात नोंद होती: "पेंथोर्न. पुरवणी. खालून कापलेली."

मिस थर्लो त्या आठवड्यात सुटीवर होती, त्यामुळे म्हातारीला विचारायचं राहून गेलं. आता मिस थर्लोने कपाळाला हात लावून मला समजावलं की मालकिणीने स्वतःच्या सहीतून कात्री चालवली आणि कागद वकिलाकडे धाडला, तर कायदा एकच अर्थ काढतो. तिने तो रद्द केला. गाइल्सला ते घर चोवीस जूनच्या आत रिकामं हवं होतं. आमच्याकडे घरं त्याच दिवशी रिकामी होतात. आणि मे महिना अर्धा सरला होता.

डोरीनला बोलावून हे सांगितलं. ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ म्हणाली, "तो कागद मीच तुमच्या दाराच्या फटीतून आत टाकला, नोएल. पण तो कागद नव्हताच. लोण्याच्या वडीएवढी पुडी होती, वर लाल मोहोर लावलेली."

असली कुठलीही पुडी मी पाहिली नव्हती.

२

पेंथोर्न हॉलमध्ये शेकोटीच्या वर काचेत एक पत्र लावलेलं आहे. सन पंधराशे एक्केचाळीस. तेही खालच्या कोपऱ्यात तिरकं कापलेलं. गावातलं प्रत्येक पोर शाळेच्या सहलीत ते बघतं आणि त्याची गोष्ट ऐकतं. मीही तशीच ऐकली.

मार्जरी पेंथोर्न एकोणीस वर्षांची होती, राणीच्या दालनात कामाला होती. त्या नोव्हेंबरात राजाने आपल्या तरुण राणीला तिच्याच दालनात कोंडून ठेवलं, आणि दरबारी मंडळी एकेका दासीला बोलावून विचारू लागली की राणीच्या दाराशी कोण येत होतं. सोबतच्या दोघी जे विचारलं ते सांगून मोकळ्या झाल्या. मार्जरीला चार दिवस तोच प्रश्न. घरी पत्र लिहायला बंदी नव्हती, फक्त बाहेर जाणारं प्रत्येक पत्र देवडीवरचे लोक आधी चाचपून पाहत आणि जमलं तर वाचत.

तिने बहिणीला, जोनला, लिहिलं. जेवण बरं मिळतं, पाय फार गारठतात, आईला सांगू नकोस. मग एक ओळ: "ते रोज माझ्याकडे नाव मागतात." त्याखाली सही.

आमच्या गावच्या गोष्टीप्रमाणे सहीखाली तिने ते नाव लिहिलं होतं. मग तिची तिलाच लाज वाटली. तिने शेजारच्या भरतकामाच्या टोपलीतली कात्री उचलली.

ही गोष्ट गाइल्सच्या पणज्याची. रेव्हरंड थॅडियस पेंथोर्न यांनी दीडशे वर्षांपूर्वी घराण्याचा इतिहास छापला आणि लिहून टाकलं की मार्जरीने शेवटी नाव सांगून मालकिणीचा घात केला, कापलेला कागद हाच पुरावा. मग चर्चमध्ये घराण्यातल्या माणसांची नावं असलेल्या लाकडी फळीवरून तिचं नाव त्यांनी खरवडून काढवलं. आजही वॉल्डरिंगमध्ये चहाडखोराला, दगाबाजाला 'मार्जरी' म्हणतात. डोरीननेच काहीतरी लबाडी केली अशी गावात कुजबुज सुरू झाली तेव्हा बेकरीत कुणीतरी तेच नाव तिला दिलं, असं माझ्या कानावर आलं. मला फार वाईट वाटलं.

३

मिस थर्लो म्हणाली, पोलिसांत जाण्यासारखं यात काही नाही, पण तुम्ही सगळ्यांना ओळखता, जरा विचारून बघा. मला तपासाचा काय अनुभव? पण माझी वही आणि डोरीनचं तोंड यांपैकी एक खोटं होतं, आणि दोन्ही मला खोटी वाटत नव्हती.

पाद्रीसाहेबांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की ईस्टरच्या आदल्या शनिवारी सह्या झाल्या तेव्हा कागद चारही कोपऱ्यांनी धड होता. सहीची शेपटी पाहून त्यांना हसू आलं होतं, म्हातारी अजून शाळेतल्यासारखी सही करते म्हणून. म्हणजे कात्री शनिवार आणि मंगळवार यांच्यामध्ये चालली.

मग हॉलवर गेलो. गाइल्स पेंथोर्न लंडनला वाइनचा व्यापार करतो, माणूस गोड बोलतो. ईस्टरचे चार दिवस तो तिथेच होता. माझा त्याच्यावरच संशय होता, हे लपवून काय उपयोग. त्याने मला हाताला धरून आत्याच्या अभ्यासिकेत नेलं आणि एक टोपली दाखवली. तिच्यात पन्नासेक कोरे कागद होते, चुरगळलेले, घड्या पडलेले, आणि प्रत्येकाचा एक कोपरा कापलेला.

"आत्याचं डोकं शेवटी ठिकाणावर नव्हतं हो," तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळपासून कागद कापत बसायची, बालवाडीतल्या पोरांसारखी. पुरवणी पण त्याच नादात कापली असेल. डोरीनशी माझं वैर नाही, पण कायदा तो कायदा."

मी विचारलं, पुरवणी तुम्ही पाहिली होती का. तो म्हणाला, नाही, आत्या मी खोलीत आलो की सगळं झाकायची. हे मला खरं वाटलं, आणि त्यामुळे माझी आणखीच पंचाईत झाली.

कारण मी हिशोब मांडून बसलो होतो की गाइल्सला कागद नकोसा होता, म्हणजे त्यानेच कापला. पण त्याला तो मिळाला असता तर कोपराच कशाला कापला असता? अख्खा जाळला असता. डोरीनला कागद हवा होता, ती कशाला कापेल? म्हातारी वेडी म्हणावी, तर पुरवणीतलं एक अक्षर हललेलं नव्हतं. शिवाय डोरीन सांगत होती की पुडी तिने बाईंच्या हातातून घेतली आणि रमतगमत न जाता थेट आमच्या दाराशी आणून टाकली. दाराच्या आत टपालाची पेटी, पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली माझ्या साखळीला. पेटीत गेली पुडी आणि माझ्या टेबलावर निघाला भलामोठा उघडा कागद. मध्ये माझ्याशिवाय कुणी नाही.

कचेरीत येऊन मी पुरवणी पुन्हा काढली. तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या आणि मी पुरता भंजाळलो. एक म्हणजे तिच्यामागे लिफाफा टाचलेला नव्हता. सेहेचाळीस वर्षांत असं झालेलं नाही. आमच्या कचेरीचा पत्ता कागदाच्याच पाठीवर, मधोमध, आडवा लिहिला होता. दुसरं, कागदात बारीक चिरा होत्या. टाचणीची भोकं नव्हेत, सुरीच्या टोकाने पाडल्यासारख्या. जिथे काही कारण नाही तिथे.

मला माझीच शंका येऊ लागली. ईस्टरच्या प्रार्थनेला मी माझ्या चष्म्यावर बसलो होतो, त्यामुळे त्या मंगळवारी जुन्या चष्म्यावर काम चाललं होतं. चार दिवसांच्या सुटीचं टपाल, साठेक नग. लिफाफा मी फेकून दिला की काय? वय झालं, असं मिस थर्लोला सांगून किल्ली तिच्या हातात द्यावी, इथपर्यंत माझा विचार गेला.

त्याआधी डोरीनला एकदा भेटायचं ठरवलं. ती खोटं बोलतेय हे तिच्या तोंडून ऐकलं असतं तर माझी सुटका झाली असती. हे लिहितानाही लाज वाटते.

४

फाटकाजवळच्या घरात निम्मं सामान खोक्यांत गेलेलं होतं. डोरीन वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती. तिच्यासोबत मी पन्नास वर्षं चर्चमध्ये गातोय. तिने मला बस म्हटलं नाही.

मी म्हटलं की तू जे सांगतेस ते घडणं शक्य नाही.

"म्हणजे मी खोटारडी."

"तसं नाही म्हणालो."

"मग काय म्हणालास? तू म्हणतोस कागद उघडा होता, मी म्हणते पुडी होती. दोघं खरं कसे बोलू? का त्या गाइल्सने तुला जेवायला बोलावलं होतं?"

हे मला लागलं. मीही आवाज चढवला. एवढीशी पुडी, तिच्यात एवढा मोठा कागद मावेल कसा, आणि मावला तरी लिफाफ्याशिवाय तो मिटून राहील कसा, असं मी विचारलं. तिने हातातली बशी खाली ठेवली, स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या बरणीमागून काहीतरी आणून माझ्यासमोर आपटलं.

लोण्याच्या वडीएवढी पुडी. वर लाल लाखेची मोहोर, ऑगस्टाबाईंच्या अंगठीचा ठसा. मोहरेखालून कागदाची एक अरुंद पट्टी पुडीच्या आरपार गेलेली. वर नाव: डोरीन.

"त्याच मंगळवारी सकाळीच बाईने दोन पुड्या दिल्या. ही तुला, म्हणाली, ती थर्लोंना. बघ आता."

मी विचारलं, मग ही दाखवली का नाहीस, आणि इतके दिवस उघडली का नाहीस.

"माझी आहे. कोर्टकचेरीत दाखवायला दिलेली नाही." ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "आणि गुरुवारी ती गेली, नोएल. उघडली की तिचं बोलणं संपलं."

तिने पुडी उचलून माझ्या हातात दिली. मग तीच म्हणाली, उघड, तू रोज लोकांची पत्रं उघडतोस, तुझ्या हाताला सवय आहे. मी खिशातली सुरी काढली. पुडीच्या कडेला तिचं टोक घातलं आणि नेहमीसारखी एका झटक्यात ओढली.

बारीकसा आवाज झाला. लाखेचा तुकडा टेबलावर पडला. घड्या आपोआप सैल झाल्या, एक, दोन, चार, आणि माझ्या हातात एक भलामोठा कागद उघडा राहिला.

त्याचा खालचा कोपरा नव्हता.

५

डोरीनने माझा चेहरा पाहून मला खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, "डोरीन, तो कागद मी कापला."

आता सगळं उघड होतं, आणि इतकं सोपं होतं की मला स्वतःची कीव आली. म्हातारीने पुरवणी लिहून झाल्यावर कोपऱ्यातून एक पट्टी कापली, पण एका टोकाला ती कागदालाच जोडलेली ठेवली. कागद घड्या घालून लहान केला. घड्यांतून आरपार चीर पाडली, पट्टी तीतून ओवली आणि वरून लाख ओतली. कागदाचं कुलूप कागदाच्याच कातड्यातून. लिफाफा कधी नव्हताच, म्हणून पत्ता पाठीवर. त्या बारीक चिरा घड्या मिटल्या की एकावर एक येतात आणि एकच होतात. हे कुलूप कापल्याशिवाय उघडत नाही. म्हणूनच ती टोपली: बाई कितीतरी दिवस ते जमवायला शिकत होत्या. मंगळवारी जुन्या चष्म्यातून मी पुडी पाहिली न पाहिली, सुरी चालवली, घड्या उलगडल्या, आणि उघडा कापलेला कागद पाहून वहीत लिहिलं, "कापलेली". माझी नोंद खरी होती आणि डोरीनही खरी होती.

डोरीनच्या कागदावर चारच ओळी होत्या. तिने त्या मोठ्याने वाचल्या.

"डोरीन, ही पुडी कापल्याशिवाय उघडत नाही आणि कापली की पुन्हा मिटत नाही. मार्जरीने तिचं पत्र असंच बंद केलं होतं, तिने कुणाचंही नाव कापलेलं नाही. तुझ्या घराचा कागद मी याच कुलपात थर्लोंकडे धाडते आहे, कारण गाइल्स सगळीकडे नाक खुपसतो. आता रडू नकोस, चहा टाक."

पण माझं तेवढ्याने भागणार नव्हतं. पुरवणीची पट्टी हवी होती. मी वयाला न शोभेलशा घाईने कचेरीत आलो आणि बिस्किटांचा डबा मिस थर्लोच्या टेबलावर उपडा केला. सुतळ्या, फिती, बटणं, आणि लाखेचे वीस-पंचवीस तुकडे. ती म्हणाली, मिस्टर गॅरड, तुम्हाला बरं वाटत नाहीये का. मी एकेक तुकडा उलटा करून पाहत गेलो. चौदाव्या तुकड्यावर ऑगस्टाबाईंच्या अंगठीचा ठसा होता आणि खाली कागदाची दुमडलेली पट्टी चिकटलेली होती.

मिस थर्लोने स्वतः वाफेवर धरून ती सोडवली आणि पुरवणीच्या खालच्या कडेला लावली. कडेला कड बसली. पट्टीवर शाईची एक लांब रेघ होती. ती सहीची शेपटी होती, वळणासकट.

मिस थर्लोने पट्टी बोटाने तिथेच दाबून धरली. "म्हणजे त्यांनी रद्द नाही केला," ती म्हणाली, "बंद केला."

६

गाइल्सला बोलावून सगळं दाखवलं. तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने पट्टी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली, आणि विचारलं की मग घरातलं ते पत्र काय. आम्ही तिघं हॉलवर गेलो आणि शेकोटीवरची काच उतरवली. मार्जरीच्या पत्राच्या पाठीवर मधोमध जोनचं नाव आणि गावाचं नाव होतं. कागदात चिरा होत्या. मिस थर्लोने जुन्या घड्यांवरून हलक्या हाताने कागद मिटत नेला, आणि सगळ्या चिरा एका जागी आल्या.

आता ती मुलगी मला नीट दिसते. चार दिवस प्रश्न, पाय गारठलेले, देवडीवर चाचपणारे हात. "ते रोज माझ्याकडे नाव मागतात," एवढंच तिने लिहिलं, कारण नाव तिने दिलंच नव्हतं. मग कात्रीने पट्टी कापली, ओवली, वर लाख ओतली. मध्ये कुणी फोडलं असतं तर बहिणीला कळलं असतं. फोडलं नाही. पत्र घरी पोचलं, जोनने स्वयंपाकघरात सुरी घेऊन पट्टी कापली आणि लाखेसकट चुलीत टाकली असेल. त्या काळी सगळेच असं करत. म्हणून तर ते कुणी कुठे लिहून ठेवलं नाही, आणि तीनशे वर्षांनी रेव्हरंड थॅडियसच्या हाती नुसता कापलेला कागद आला. त्यांनी जे केलं तेच मी मंगळवारी केलं. फरक इतकाच की त्यांच्याकडे डबा नव्हता.

चोवीस जूनला डोरीनने खोकी सोडून सामान पुन्हा जागेवर लावलं. त्याच दिवशी रंगारी चर्चमध्ये शिडीवर चढला, आणि फळीवर खरवडलेल्या जागी मार्जरीचं नाव पुन्हा आलं. त्याची व्यवस्था गाइल्सने केली, न सांगता. बेकरीत मी सगळ्यांदेखत सांगितलं की यापुढे चहाडखोराला म्हणायचं तर 'थॅडियस' म्हणा. रुळायला वेळ लागेल. आवक वहीत त्या मंगळवारच्या नोंदीपुढे मी लिहिलं, "कापणारा: नो. गॅरड", आणि तारीख घातली.

डोरीनची मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, बघू.

या ईस्टरला सकाळी प्रार्थना संपल्यावर तिने माझ्या कोटाच्या खिशात काहीतरी सरकवलं आणि न थांबता निघून गेली. लोण्याच्या वडीएवढी पुडी. लाख जरा वेडीवाकडी ओतलेली, ठसा कोटाच्या बटणाचा. वर नाव: नोएल.

ती मी अजून फोडलेली नाही. दर रविवारी डोरीन विचारते, वाचलंस का. मी सांगतो, चष्मा सापडत नाहीये.